आंतरजालावरील साधनांची पारख

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली आता महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत संशोधन-निबंध लिहू लागली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांच्या पदवीत अखेरच्या वर्षी संशोधन प्रकल्पाची सोय आहे, आणि पदव्युत्तर वर्गांना तर तो बहुतेक ठिकाणी करावाच लागतो. त्यांपैकी काही जण आपला मसुदा जुन्या शिक्षकाच्या नजरेखालून जावा म्हणून पाठवितात. विषय बहुधा जिव्हाळ्याचे असतात : बाबासाहेबांचे परदेशातील शिक्षण, महाडचा सत्याग्रह, संविधान सभेचे कामकाज, धम्मदीक्षा. लेखन तळमळीने केलेले असते, भाषाही बरी असते. तळटिपांपाशी मात्र वाचणारा अडखळतो. तेथे ‘स्रोत : गूगल’ असे लिहिलेले असते, नाहीतर एखादा लांबलचक पत्ता चिकटविलेला असतो. ग्रंथालयातून पुस्तक आणून वाचल्यावर तळटिपेत कोणी कपाटाचे नाव लिहीत नाही. गूगल हे त्या कपाटासारखेच आहे. कोठे काय ठेवले आहे ते तो दाखवितो. ते कोणी लिहिले आणि कशाच्या आधारे लिहिले, याची जबाबदारी तो घेत नाही.

इतिहासाच्या अभ्यासक्रमात साधनचिकित्सेचे एक प्रकरण असते. परीक्षेपुरते ते पाठ केले जाते आणि पुढे विसरले जाते. बहिरंग परीक्षणात कागद अस्सल आहे की नाही, तो कोणी, केव्हा, कोठे लिहिला हे पाहावयाचे. अंतरंग परीक्षणात त्यातील मजकूर कितपत खरा, लिहिणाऱ्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक होती काय, त्याचा काही हेतू होता काय, हे तपासावयाचे. वि. का. राजवाडे यांच्या समाजविषयक निष्कर्षांशी आपला कितीही विरोध असला तरी बखरीतल्या कथेपेक्षा अस्सल कागदाला मान देण्याची शिस्त महाराष्ट्रात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. आंतरजालामुळे ही दोन परीक्षणे रद्द झालेली नाहीत. पालटले ते एवढेच, की पूर्वी नक्कल करणाऱ्याला हाताने लिहावे लागे आणि आता बोटाच्या एका स्पर्शाने हजार नकला निघतात. त्या हजार नकला पाहून विद्यार्थ्याला वाटते, इतक्या ठिकाणी आहे त्याअर्थी खरेच असले पाहिजे. परंतु चार संकेतस्थळांवरील मजकूर शब्दशः, शुद्धलेखनाच्या चुकांसह सारखा असेल तर तेथे चार साक्षीदार नाहीत. साक्षीदार एकच आहे आणि त्याचे नावही कोणाला ठाऊक नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ‘डॉ. आंबेडकर यांचे उच्च शिक्षण’ हा विषय एखाद्या विद्यार्थिनीने निवडला आहे असे समजा. शोध घेताच तिच्यासमोर पहिल्या काही मिनिटांत दोन विधाने येतील. बाबासाहेबांना ३२ पदव्या होत्या, हे एक. आणि कोलंबिया विद्यापीठाने जगातील १०० विद्वानांच्या यादीत त्यांना पहिला क्रमांक दिला, हे दुसरे. दोन्ही विधाने जयंतीच्या फलकांवर असतात, भाषणांत असतात, आपल्या घरातल्या दिनदर्शिकांवरही असतात. तिने ती तशीच निबंधात उतरविली तर तिला घरचे कोणी दोष देणार नाही.

पदव्यांच्या बाबतीत तपासाची सर्वांत साधी रीत म्हणजे यादी करणे. मुंबई विद्यापीठाची बी. ए.; कोलंबिया विद्यापीठाची १९१५ ची एम. ए.; लंडन विद्यापीठाची १९२१ ची एम. एस्‌सी. आणि १९२३ ची डी. एस्‌सी.; कोलंबियाची १९२७ ची पीएच. डी.; ग्रेज इनची बॅरिस्टरी. याशिवाय कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी दिलेली एलएल. डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये दिलेली डी. लिट. या दोन सन्माननीय पदव्या. यादी येथे संपते. बाबासाहेब स्वतः आपल्या नावापुढे एम. ए., पीएच. डी., डी. एस्‌सी., बार-ॲट-लॉ एवढेच छापीत असत. ३२ हा आकडा सांगणाऱ्या मजकुरात उरलेल्या पदव्यांची नावे, विद्यापीठे आणि वर्षे दिलेली नसतात. ज्या विधानाची फोड करून मागितली असता फोड मिळत नाही, ते निबंधात घेता येत नाही. शिवाय या आकड्याने खरी गोष्ट झाकली जाते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागलेला, सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठविणारा आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठणारा विद्यार्थी त्या दोन डॉक्टरेटांमागे उभा आहे. आकड्याच्या चमत्कारात तो दिसेनासा होतो.

कोलंबियाच्या यादीची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिच्यात सत्याचा अंश आहे. या विद्यापीठाची स्थापना १७५४ ची. २००४ मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, आपल्या काळाच्या पुढे पाहणाऱ्या कोलंबियाशी संबंधित व्यक्तींची एक यादी विद्यापीठाने प्रसिद्ध केली आणि तिच्यात बाबासाहेबांचे नाव आहे. ही मानाचीच बाब आहे. परंतु ती यादी जगातील सर्व विद्वानांची नव्हती आणि तिच्यातील नावे गुणानुक्रमाने लावलेली नव्हती, म्हणून पहिल्या क्रमांकाचा प्रश्नच उद्भवत नाही. अशी अर्धी खरी विधाने शुद्ध खोट्या विधानांपेक्षा अधिक त्रासदायक असतात. शोध घेणाऱ्याला मूळ यादी सापडते, तीत नाव दिसते आणि तो समाधानाने पान बंद करतो. यादीच्या शीर्षकाखाली ती कशाची आहे हे लिहिलेले असते, ते वाचले जात नाही.

याच विद्यार्थिनीला पीएच. डी.च्या वर्षाबद्दल निरनिराळे आकडे आढळतील. कोठे १९१६, कोठे १९१७, कोठे १९२७. येथे कोणी तरी खोटे लिहिले असा निष्कर्ष काढण्याची घाई होते आणि ती चुकीची असते. प्रबंध १९१६ मध्ये सादर झाल्याची नोंद चरित्रांत आहे. त्या काळी कोलंबियात प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी प्रदान होत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने काढला, त्याला प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. म्हणजे तारखांचा विरोध दिसला की प्रथम विचारावयाचे, या तारखा एकाच घटनेच्या आहेत काय? बहुधा नसतात. असा विरोध दिसला तर तो लपवू नये. तो उलगडून सांगणे हाच निबंधाचा एक चांगला परिच्छेद होतो, आणि परीक्षकालाही कळते की लिहिणाऱ्याने काही तरी स्वतः पाहिले आहे.

मूळ साधन पाहण्याची सवय नसल्यामुळे चुका कशा वर्षानुवर्षे चालतात याचा एक नमुना म्हणजे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. हे बाबासाहेबांचे १९३६ मधील लाहोर येथील भाषण, असे कितीतरी ठिकाणी लिहिलेले असते. ते भाषण झालेच नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले, भाषणाचा छापील मसुदा वाचल्यावर मंडळ बिचकले, काही भाग गाळण्याचा आग्रह झाला, बाबासाहेबांनी तो मानला नाही आणि परिषद बारगळली. मग त्यांनी ते स्वखर्चाने पुस्तकरूपाने काढले. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. हा सर्व वृत्तांत, मंडळाशी झालेल्या पत्रव्यवहारासह, त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहे. म्हणजे पुस्तकाची पहिली काही पाने उलटली असती तरी ही चूक झाली नसती. आणि आज ती उलटण्यासाठी कोठे जावेही लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्याच खंडात हे पुस्तक आहे. त्या खंडांच्या छायाप्रती भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्राध्यापक फ्रान्सेस प्रिचेट यांनी याच पुस्तकाची टीपांसह सिद्ध केलेली पाठावृत्ती आणि बाबासाहेबांच्या आयुष्याचा कालपट आहे. पंधरा वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याच्या गावी यांपैकी एक खंड मिळविण्यासाठी किती खटपट करावी लागे, हे येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

शासकीय खंडांचा आधार घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ चौथ्या खंडात १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून तळटिपेत ‘आंबेडकर, १९८७’ असे लिहिले आणि मजकुरात ‘१९८७ मध्ये ते म्हणतात’ असे आले, तर ते हास्यास्पद होते. हा आणि तिसऱ्या खंडातील क्रांती-प्रतिक्रांतीविषयक मजकूर त्यांच्या निधनानंतर हस्तलिखितांवरून व टंकलिखितांवरून संपादकांनी लावलेला आहे; काही प्रकरणे अपुरी आहेत. लेखकाने स्वतः छापलेला ग्रंथ आणि त्याच्या पश्चात कागदांतून उभा केलेला ग्रंथ यांचे वजन एकच धरता येत नाही. बाबासाहेबांनाही हा भेद नवा नव्हता. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपल्यापाशी प्रत्यक्ष पुरावा कोठे नाही आणि दुवे जोडण्यासाठी अनुमानाचा आश्रय कोठे घेतला आहे, हे त्यांनी वाचकाला उघडपणे सांगितले आहे.

संविधानाच्या विषयात तर दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. एका बाजूचा मजकूर म्हणतो, बाबासाहेबांनी एकट्याने संविधान लिहिले. दुसऱ्या बाजूचा म्हणतो, ते बी. एन. राव यांनी लिहिले आणि बाबासाहेब नावापुरते अध्यक्ष होते. दोघेही आपापल्या सोयीचे वाक्य कापून घेतात. संविधान सभेच्या चर्चेचे १२ खंड आंतरजालावर संपूर्ण वाचावयास मिळतात. त्यांतील दोन दिवसांची पाने शेजारी ठेवावी. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहात सांगितले, की मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी अन्य राज्यकारभारात गुंतले, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले, आणि शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वतः बाबासाहेबांनी, पहिला कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, समितीतील सहकारी आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिले. ही दोन भाषणे एकमेकांना खोडीत नाहीत. ज्याने काम पाहिले त्याची साक्ष एक आहे, ज्याने काम केले त्याचे औदार्य दुसरे आहे. निबंधात दोन्ही आली म्हणजे राव यांचे नाव पुढे करून केलेला युक्तिवाद आपोआप ढिला पडतो. त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

याच विषयातील एक लहानशी गंमत वर्गात मुलांना आवडते. संविधान २ वर्षे, ११ महिने, १८ दिवसांत तयार झाले, असे सर्वत्र असते. बाबासाहेबांच्या त्या भाषणात मात्र १७ दिवस आहेत. कोण बरोबर? मुलांना दिनदर्शिका द्यावी. सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ची. भाषण २५ नोव्हेंबर १९४९ चे, संविधान अंगीकृत झाले ते दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला. पहिला दिवस धरून मोजले तर भाषणाच्या दिवशी १७ आणि अंगीकाराच्या दिवशी १८ होतात. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण जेथे ‘मसुदा समितीने २ वर्षे, ११ महिने, १८ दिवस काम केले’ असे लिहिलेले आढळते तेथे लिहिणाऱ्याने सभा आणि समिती यांची गल्लत केलेली आहे, कारण मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. एवढ्या एका वाक्यावरून त्या पानाचा बाकीचा मजकूर कितपत विश्वासाने वाचावा हेही कळते.

बाबासाहेबांच्या तोंडी घातलेल्या वाक्यांचे काय करावयाचे? अनुच्छेद ३७० च्या संदर्भात त्यांनी शेख अब्दुल्ला यांना सुनावले म्हणून एक लांबच लांब संवाद गेली काही वर्षे सर्वत्र फिरत आहे. तो पसरविणारे भेटीची तारीख देत नाहीत, स्थळ देत नाहीत, लेखन-भाषणांच्या खंडाचा क्रमांक व पृष्ठ देत नाहीत. उपलब्ध असलेली नोंद अशी, की हा अनुच्छेद संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडला. आणि काश्मीरविषयी बाबासाहेबांचे मत त्यांच्या मंत्रिपदाच्या राजीनाम्यावरील १० ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात त्यांच्याच शब्दांत आहे. त्यात त्यांनी काश्मीरची फाळणी सुचविली, हिंदू व बौद्ध भाग भारताकडे आणि मुस्लिम भाग पाकिस्तानकडे. आज हे मत त्या संवादाचा वापर करणाऱ्यांना सोयीचे नाही आणि त्याला विरोध करणाऱ्यांनाही पूर्ण सोयीचे नाही. संशोधकाने तेच लिहावे. संवादाला आधार नाही एवढे म्हणताना, ‘म्हणून बाबासाहेबांना ३७० मान्य होते’ अशी उडी मात्र घेऊ नये. आधार नसलेला कागद बाजूला काढला म्हणून त्याच्या उलट गोष्ट सिद्ध होत नाही.

आपल्या विरोधकांच्या संदेशाला आपण पुरावा मागतो आणि आपल्याला सुखावणाऱ्या संदेशाला मागत नाही. माझ्या मते पारख नेमकी उलट्या क्रमाने कडक असावी. जे विधान वाचून ऊर भरून येतो त्याची तळटीप आधी शोधावी. याला व्यवहाराचेही कारण आहे. आपल्या मुलांचे निबंध नेहमी सहानुभूतीने वाचले जातात असे नाही. चाळीस पानांच्या निबंधात ३२ पदव्यांचे एक वाक्य सापडले की उरलेली एकोणचाळीस पाने ‘भावनिक लेखन’ म्हणून बाजूला सारणारे परीक्षक असतात. त्यांना ती सोय आपण का करून द्यावी?

भगवान बुद्धांच्या नावावरील सुप्रसिद्ध वचनाचीही हीच कथा आहे. कोणत्याही गोष्टीवर ती केवळ ऐकली, वाचली म्हणून विश्वास ठेवू नका, आपल्या बुद्धीला पटेल तरच ठेवा, अशा आशयाचे चित्र विहारांच्या भिंतींवर आणि भ्रमणध्वनींवर असते. त्याचा उगम अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात आहे. परंतु मूळ सुत्त याहून कठोर आहे. परंपरा, ऐकीव गोष्ट, पिटकातील आधार यांबरोबरच नुसत्या तर्कावर आणि आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणून स्वीकारण्यावरही तेथे भिस्त ठेवलेली नाही. त्या गोष्टीने अहित व दुःख होते काय, सुज्ञ जन तिला दोष देतात काय, हे पाहावयास तेथे सांगितले आहे. ‘मला पटते’ ही कसोटी चित्रात आली ती संक्षेप करणाऱ्याची आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पालि तिपिटक देवनागरीत आंतरजालावर ठेवले आहे, तेव्हा पडताळा घेणे अवघड नाही. पिटकाच्या आधारावर विसंबू नका, हे पिटकातूनच पडताळावे लागते, ही गोष्ट निराळी.

विकिपीडियाबद्दल पालक नेहमी विचारतात. तो वाचूच नये असे मी म्हणणार नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यावर निःस्वार्थपणे लिहिणारी माणसे आहेत. परंतु तो निबंधाचा आधार म्हणून द्यावयाचा नसतो. त्याच्या तळाशी असलेल्या संदर्भांपर्यंत पोहोचण्याची ती पायवाट आहे. प्रत्येक लेखावर ‘इतिहास पाहा’ अशी कळ असते, तीत कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसते. ‘चर्चा’ पानावर वाद दिसतात. संदर्भात वृत्तपत्राचा दुवा असेल तर त्या वृत्तपत्राने ती माहिती विकिपीडियावरूनच उचलली नाही ना, हे तारखा ताडून पाहावे. असे वर्तुळ पुष्कळदा सापडते.

प्रश्न विचारताच सलग उत्तर रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मुलांच्या हाती आहेत. त्यांची मराठी सुधारत आहे, हीच अडचण आहे. ती कधी कधी नसलेल्या ग्रंथाचे नाव, खंड आणि पृष्ठ अगदी तळटिपेच्या थाटात देतात. यावर उपाय जुनाच : सांगितलेला खंड उघडावा, सांगितलेले पान काढावे. पान सापडले नाही तर तो संदर्भ गेला. छायाचित्रांनाही हाच न्याय. नागपूरच्या दीक्षाभूमीचा आजचा भव्य स्तूप २००१ मध्ये खुला झाला. तो घुमट दिसत असलेल्या चित्राखाली ‘१४ ऑक्टोबर १९५६’ असे लिहिले असेल तर पुढे काही शोधावे लागत नाही.

इतके सांगितल्यावर एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो असा की सरकारी किंवा विद्यापीठीय पत्ता दिसला म्हणजे साधन विश्वसनीय आणि एखाद्या वस्तीतल्या तरुणाने यूट्यूबवर ठेवलेली मुलाखत म्हणजे अविश्वसनीय. आपल्या इतिहासाला ही वाटणी परवडणारी नाही. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरे आज शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. कागद म्हणून ती अस्सल आहेत, बहिरंग परीक्षणात पूर्ण उतरतात. पण त्यांत जातीजमातींची जी स्वभाववर्णने आहेत ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची आणि त्याला माहिती पुरविणाऱ्या वरिष्ठ जातींच्या कारकुनांची दृष्टी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखालील दप्तरांत माणसे जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदली गेली. तो कागद सरकारचे मन काय होते याचा उत्तम पुरावा आहे. त्या माणसांविषयीचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही. अस्सल असणे आणि खरे असणे या दोन गोष्टी आहेत, आणि बहिरंग व अंतरंग अशी दोन परीक्षणे निराळी ठेवण्याचे कारण हेच.

उलट बाजूला, ज्यांना लेखणी दिली गेली नव्हती त्यांची साक्ष तोंडीच असणार. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. त्या मुलाखती झाल्या नसत्या तर त्या स्त्रियांची नावे कोणत्याही दप्तरात मिळाली नसती. तेव्हा आंतरजालावर एखाद्या वृद्ध आजींची धम्मदीक्षेची आठवण सापडली तर ती बाजूला टाकू नये. पण तिलाही प्रश्न विचारावेत. त्यावेळी त्यांचे वय काय होते? त्या स्वतः नागपुरात होत्या की घरी ऐकलेले सांगत आहेत? मुलाखत कोणी, कोणत्या साली घेतली? ध्वनिचित्रफीत पूर्ण आहे की मधले कापलेले आहे? लोक किती जमले होते, हा आकडा त्यांच्याकडून घेऊ नये. गर्दीचा आकडा तर त्या काळच्या निरनिराळ्या वृत्तांतांतही एक नाही आणि निबंधात तो ‘अमुक वृत्तपत्राच्या मते’ असाच लिहावा लागतो. परंतु गावाहून निघताना बरोबर कोणती भाकरी होती, पांढरे लुगडे कोणाकडून आणले, परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव कोणी आणि कोठे विसर्जित केले, या गोष्टींना आजींइतका चांगला साक्षीदार कोणतेही वृत्तपत्र होणार नाही.

तळटिपेबद्दल थोडेसे. संकेतस्थळाचा पत्ता एकटा देऊ नये. लेखक, शीर्षक, प्रसिद्ध करणारी संस्था, मजकुराची तारीख आणि आपण तो पाहिल्याची तारीख, इतके असावे. पाने नाहीशी होतात, मजकूर मागाहून बदलला जातो. म्हणून ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत साठवून तिचा पत्ताही द्यावा. छापील ग्रंथाची छायाप्रत पाहिली असेल तर संदर्भ ग्रंथाचाच द्यावा आणि पृष्ठांक ग्रंथावर छापलेला घ्यावा, पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा नव्हे. छायाप्रतीवरून यंत्राने उतरविलेल्या देवनागरी मजकुरात जोडाक्षरे आणि अंक बिघडतात. १९२७ चे १९२१ झालेले मी अनेकदा पाहिले आहे. अशा ठिकाणी मूळ पानाचे चित्रच पाहावे.

जाता जाता माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या परिषदांची पत्रके, जलशांच्या वह्या, वसतिगृहाची गटचित्रे, आधीच्या स्मरणिका आहेत आणि हल्ली त्यांची चित्रे काढून गटांवर टाकली जातात. चौथ्या-पाचव्या वेळी पुढे पाठविले जाईपर्यंत ते कोणाचे, कोठले हे सांगणारा कोणी उरत नाही. तेव्हा टाकतानाच खाली लिहावे : मूळ कोणाकडे आहे, साल कोणते, गाव कोणते, डावीकडून उभे कोण कोण. माहीत नसलेल्या माणसाच्या जागी अंदाजाने नाव घालू नये, जागा रिकामी ठेवावी. दुसरा कोणी तरी ओळखतो. आणि गटचित्राची मागची बाजूही छायाप्रतीत घ्यावी. पेन्सिलीने लिहिलेली नावे बहुधा तेथेच असतात.